अम्माचे उरलेले शब्द

अकोला, १४ जानेवारी १९६२

इस्हाक,

सलाम. तारेत जेवढं मावलं तेवढं कळवलं होतं. अम्मा आजारी, लगेच ये. तू आला नाहीस, उत्तरही धाडलं नाहीस. अमरावती काही विलायतेत नाही. सकाळची एस.टी. धरली तर माणूस दुपारच्या जेवणाला अकोल्यात असतो. असो. कागद तारेपेक्षा मोठा आहे, म्हणून नीट लिहिते. मराठीत लिहिते, कारण अब्बांनी आपल्याला ह्याच भाषेत बोट धरून पाटीवर गिरवायला शिकवलं, आणि दुसऱ्या कुठल्या भाषेत मला तुझ्याशी भांडता येत नाही.

मंगळवारी सकाळी अम्मा कणीक मळत होती. मी शाळेत निघाले होते. तिला सांगून जावं म्हणून वळले, तर तिचा उजवा हात परातीच्या कडेवरून घसरत होता आणि ती त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचा हात असावा तशी बघत होती. मी धरायच्या आत ती भिंतीला टेकून खाली बसली. डॉक्टर केशवराव लगेच आले. लकवा म्हणाले. उजवी बाजू पूर्ण गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं.

बोलणं गेलं असं लिहिते खरी, पण सगळं गेलेलं नाही, आणि तेच मला सोसत नाही. शुक्रवारी मी तिला चमच्यानं पाणी पाजत होते. सहज विचारलं, बस झालं का. ती स्वच्छ म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह." मी चमचा टाकून अंगणात धावले आणि शेजारच्या सत्यभामाबाईंना हाक मारून सांगितलं की अम्मा बोलली. परत येऊन विचारलं, दुखतं का कुठं? "अल्हम्दुलिल्लाह." मी कोण? "अल्हम्दुलिल्लाह." उशी हवी का, ऊन येतंय का, भूक लागली का? तेच. चौथ्या-पाचव्या वेळी तिनं स्वतःचंच बोलणं ऐकलं आणि तिचे डोळे घाबरले. तिला काहीतरी दुसरंच म्हणायचं होतं. तोंडातून मात्र हेच येत होतं.

डॉक्टर म्हणतात, असं होतं. नवं वाक्य जुळवायची जागा मेंदूत एकीकडे असते आणि वर्षानुवर्षं घोटून पक्कं झालेलं दुसरीकडे. पहिली जागा मेली, दुसरी शाबूत आहे. कुणाला शिव्या उरतात, कुणाला पाढे.

अम्माला काय उरणार हे तुला सांगायला नको. पिठात हात घालताना बिस्मिल्ला, शिंक आली की अल्हम्दुलिल्लाह, कोंबडीची पिल्लं निघाली की सुब्हानल्लाह, उद्या बाजाराला जायचं तरी इन्शाल्लाह. अकोटला असताना अब्बा तिला चिडवायचे, "जैतून, तुझ्या बोलण्यातून खुदाचं नाव काढलं तर मागं मीठ-मिरचीच उरेल." आता मीठ-मिरची गेली, इस्हाक. मागं नुसतं नाव उरलंय.

आणि तुला हेच शब्द ऐकायचे नाहीत. अब्बांच्या मयतीत, भरल्या घरात तू तिला म्हणालास, "तुझ्या अल्ला-अल्लानं माझा बाप मारला." तेव्हापासून तू उंबरा चढला नाहीस. मी ते विसरलेले नाही, तिनंही विसरलेलं नसणार. तरी लिहिते. ये.

बिल्किस आपा


अकोला, ११ फेब्रुवारी

इस्हाक,

दोन पत्रं घातली, दोन्ही वाया गेली असं धरून हे तिसरं. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांची पत्रकं आणि लग्नाच्या पत्रिका जुळवतोस, घरी दोन ओळी लिहायला तुझ्याकडे अक्षरं उरत नाहीत.

रमजान लागला आहे. मी रोजे ठेवून शाळेत शिकवते. शाळेच्या वेळात हमीदाखाला अम्माजवळ बसते. तू तिला ओळखत नाहीस. आमच्या गल्लीच्या टोकाला राहते, विधवा आहे, मोठ्या मनाची आहे आणि तोंड घटकाभर बंद राहत नाही. तिनंच हे सगळं सुरू केलं. अंथरुणाला खिळलेली बाई, अंग गेलेलं, आणि जिभेवर अल्लाशिवाय शब्द नाही, म्हणजे जैतूनबी पोहोचलेली, खुदाच्या जवळची बाई आहे, असं तिनं मशिदीच्या विहिरीवर सांगितलं. मग बाया यायला लागल्या. आधी दोघी-तिघी, नुसत्या बघायला. आता मी शाळेतून येते तर अंगणात चपलांची रास असते. कुणी पाण्याची बाटली घेऊन आलेली, अम्माची फुंकर हवी. कुणी मुलगी आणलेली, तिला मूल होत नाही. अम्माचा डावा हात उचलून त्या स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतात. अम्मा म्हणते, "अल्हम्दुलिल्लाह," आणि बाया पदराला डोळे पुसतात.

मी एकदा म्हटलं, खाला, तिला दमायला होतं. तर म्हणाली, "बेटा, तुला घरात आहे म्हणून कदर नाही."

मला घरात आहे म्हणूनच कळतं. तिच्या पाठीला अंथरूण लागून कातडी लाल झाली आहे. मी कूस बदलते तेव्हा तिचा श्वास अडकतो, कपाळावर घाम येतो, आणि तोंडातून येतं, अल्हम्दुलिल्लाह, म्हणजे शुक्र आहे खुदाचा. मी रोज शंभर वेळा विचारते आणि रोज तेच उत्तर घेऊन स्वयंपाकघरात जाते. परवा भांडी घासताना माझ्याच तोंडून सवयीनं अल्हम्दुलिल्लाह निघालं आणि मला त्या शब्दाचा इतका राग आला की हातातलं पातेलं आपटलं. मला तिचं 'नाही' ऐकायचं आहे, इस्हाक. एकदा तरी म्हणावं, नको, दुखतंय, चल हो बाजूला. आयुष्यभर माझ्यावर खेकसणारी बाई ती.

मशिदीचे हाफिज शरफुद्दीन साहेब विचारपूस करायला आले होते. वय झालेलं, थकलेला माणूस. मी पडद्याआडून सरळ विचारलं. म्हटलं, हाफिजजी, माणसाला दुसरं काही बोलताच येत नसेल आणि म्हणून तो खुदाचं नाव घेत असेल, तर ते खुदाला आठवणं, जिक्र, झालं का? का ते खोकल्यासारखं आहे, येतं म्हणून येतं? मला वाटलं रागावतील. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "बेटी, मला माहीत नाही. जिभेचा जिक्र असतो, दिलाचा असतो. तिच्या दिलात काय चाललंय ते मी वाचू शकत नाही. मात्र बायांची गर्दी मी बंद करायला सांगतो." सांगितलंही त्यांनी. त्या दिवसापासून बाया मागच्या दारानं येतात.

सत्यभामाबाई तेवढ्या वेगळं बोलल्या. त्या रोज संध्याकाळी मला अम्माला उचलू लागतात. म्हणाल्या, "बाई, लोकं त्याईचं तोंड पाहून राहिले. तुमी डोये पाहा. त्याईले काईतरी सांगाचं हाय."

मला ते दिसतं. काय सांगायचं आहे ते दिसत नाही. दोघं असतो तर एकाला सुचलं असतं.

आपा


अकोला, २८ फेब्रुवारी

इस्हाक,

अम्माचं खुब्याचं हाड मोडलं आहे.

गुरुवारी मी शाळेत होते. असरची अजान झाली आणि तिच्या अंगवळणी पडलेलंच ते, नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजूला, उठायला गेली. डाव्या हातानं खाटेचा पाय धरला आणि पलीकडे पडली. हमीदाखालानं विचारलं, लागलं का? ती म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह." मग चार बायांनी तिला उचलून खाटेवर ठेवलं आणि अंगणात जाऊन सांगितलं की बघा, पडली तरी तोंडातून शुक्रच निघाला. मी घरी आल्यावर मलाही हे कौतुकानं सांगितलं. मी विचारलं, अम्मा, दुखतं? तेच उत्तर. पाय बाहेरच्या अंगाला वळलेला आहे आणि आखूड दिसतो आहे हे शनिवारी कपडे बदलताना सत्यभामाबाईंना आणि मला दिसलं. डॉक्टरांनी हात लावला तेव्हा ती ओरडली. ओरडली म्हणजे काय, "या अल्लाह!" पण ते ओरडणंच होतं.

गुरुवारपासून शनिवारपर्यंत मोडलेलं हाड घेऊन ती पडून होती आणि बाहेर बाया आनंदानं रडत होत्या.

डॉक्टर म्हणतात, ह्या वयात, ह्या तब्येतीत शस्त्रक्रिया नाही. एवढ्या हालतीत नागपूरला नेणंही नाही. पायाच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून पाय सरळ ठेवला आहे. दुखणं कमी व्हायचं औषध दिलं आहे. आता ती उठणार नाही.

मी दार लावून घेतलं. पुढचं, मागचं, दोन्ही. शाळेतून रजा काढली. रविवारी सकाळी हमीदाखाला आलीच, बरोबर कुणी पाहुणी आणि बाटली. दार वाजवत राहिली. मी उघडत नव्हते. ती बाहेरून म्हणत होती, बेटी, सवाबाचं, पुण्याचं काम आहे, अडवू नकोस. मी काहीतरी वाईट बोलणार होते, तेवढ्यात आतून आवाज आला.

"लाहौल विला कुव्वत!"

इस्हाक, तुला आठवतं का, अकोटला शेजाऱ्यांची बकरी स्वयंपाकघरात शिरली की अम्मा कशी म्हणायची? अगदी तोच आवाज. तसाच चढा, वैतागलेला. बाहेर दार वाजायचं थांबलं. थोड्या वेळानं चपला वाजत गल्लीतून गेल्या. सत्यभामाबाई चुलीपाशी होत्या, त्या तोंडावर पदर धरून हसायला लागल्या, आणि मला हसू येता येता रडू आलं.

ते 'नाही' होतं. मी इतके दिवस मागत होते ते. खुदाशिवाय कुणाचं बळ नाही असा त्याचा अर्थ आहे, पण अम्मानं ते हमीदाखालाला म्हटलं होतं, खुदाला नव्हे. किंवा दोघांनाही म्हटलं असेल, हाफिजजींना माहीत नाही तर मला कुठून माहीत असणार. मी खाटेपाशी जाऊन बसले. विचारलं, अम्मा, बाया नकोत ना? तिनं डोळे मिटले आणि हळूच म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह." पहिल्यांदाच तो शब्द त्याच्या जागेवर बसला.

आता मी शब्द ऐकत नाही, आवाज ऐकते. पण पुष्कळदा चुकते. काल ती सारखी बिस्मिल्ला म्हणत होती. मी दूध दिलं, पाणी दिलं, पेज दिली, सगळं थुंकून टाकलं. संध्याकाळी रोजा सोडताना कळलं, तिला रमजानचं भान नाही, मी जेवले नव्हते म्हणून मला जेवायला बस म्हणत होती. दिवसभर. माझं डोकं इतकं फिरलं होतं की मी तिच्यावरच ओरडले.

एकटीनं होत नाही हे. तुला लिहून काय उपयोग तेही कळत नाही.

आपा


अकोला, १२ मार्च

इस्हाक,

ईद झाली. ईदच्या दुसऱ्या दिवशी तुझं कार्ड आलं. इतक्या महिन्यांत एक कार्ड, त्यावर एक ओळ. "ज्याचं नाव घेते त्यालाच बोलव."

जुळवणी चांगली आहे. छापखान्याचे खिळे जुळवून जुळवून हात बसला आहे तुझा.

आता ऐक. मी अम्माला शब्द दिला होता की तुला हे कधी सांगणार नाही. तिनं माझा हात कुराणावर ठेवून घेतला होता. त्याचं काय व्हायचं ते माझं होईल.

अब्बांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा अम्मा जप करत बसली नव्हती. ती बुरखा न घेता, अनवाणी, अकोटच्या भर बाजारातून डॉक्टरांच्या घरी धावत गेली. डॉक्टर बाळंतपणाला खेड्यावर गेले होते. तिनं त्यांच्या दारात उभं राहून कुणाकुणाच्या पाया पडून एकाला सायकलवर त्यांच्यामागं पाठवलं. मग तशीच परत धावत आली. अब्बा तेव्हा शुद्धीत होते. त्यांनी तिला सांगितलं, "आता धावू नको, बस. पढ काहीतरी, मला ऐकू दे." म्हणून ती बसली. एका हातात त्यांचा हात, दुसऱ्या हातात जपाची माळ, तसबीह. डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता. मी तिथं होते. तू दुसऱ्या दिवशी आलास आणि तुला फक्त तसबीह दिसली.

आणखी एक. त्याच्या आदल्या आठवड्यात अब्बांनी तुला निरोप धाडला होता. आपले अकोटचे शेजारी रामराव कापसाच्या कामानं अमरावतीला जात होते, त्यांच्याबरोबर. की तब्येत बरी वाटत नाही, एकदा येऊन मला इर्विनच्या दवाखान्यात दाखव. तू रामरावांना सांगितलंस, इलेक्शनचं काम आहे, पंधरा दिवसांनी येतो. रामरावांनी येऊन तसंच सांगितलं. अब्बा म्हणाले, ठीक आहे, कामाचा आहे पोरगा. रागावले नाहीत.

मयतीनंतर तू निघून गेलास त्या संध्याकाळी मी अम्माला म्हटलं, मी जाते अमरावतीला, त्याच्या तोंडावर सांगून येते सगळं. तिनं मला धरलं. जे म्हणाली ते तिच्याच बोलीत लिहिते.

"त्याले माह्यावर रागावू दे. माह्यावर राग हाय तोवर थो उभा हाय. खरं समजलं तं सोताले खाईन."

म्हणून ही पाच वर्षं तू तिच्यावर रागावू शकलास. तिनं तुला ते दिलं होतं. आणि पाचही वर्षं प्रत्येक नमाजीनंतर ती दुआत तुझं नाव घ्यायची, मोठ्यानं, मला ऐकू जाईल असं. आता तिला तुझं नाव घेता येत नाही. मी तुझं नाव घेतलं की ती दाराकडे बघते.

मी तिचा शब्द मोडला. आता स्वतःला खायचं तर खा. नाहीतर ये.

बिल्किस


अकोला, ३ एप्रिल

इस्हाक,

पोहोचलास ते कळलं. संत्री गोड निघाली, तिला रस काढून देते.

तुला एक सांगायचं राहिलं. तू शनिवारी आलास तेव्हा अंगणात उभा राहिलास आणि आत येईनास. मी आतून दोनदा म्हटलं, ये. तू पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत नुसता उभा. तुला वाटलं असेल आत काही कळलेलं नाही. तू पिशवी खाली ठेवताना खाकरलास ना, तेव्हाच तिला कळलं. तिनं डाव्या हातानं ओढणी डोक्यावर ओढली, नीट बसेना तर पुन्हा ओढली. मग खाटेच्या कडेवर थोपटायला लागली, लहानपणी आपल्याला जागा करून द्यायची तशी. तू आत येईपर्यंत ती थोपटत होती.

पुढचं तुला माहीत आहे. तू दारात आलास, दाढी वाढलेली, गाल बसलेले, केस अर्धे पांढरे झालेले, मलाही क्षणभर ओळखू आला नाहीस. आणि ती तुझ्याकडे बघून म्हणाली, "माशाल्लाह."

नजर लागू नये म्हणून धडधाकट लेकराला म्हणायचा तो शब्द. इतक्या दिवसांत तिनं तो एकदाही काढला नव्हता. तू तिच्या पायाशी तोंड लपवून बसलास ते बरं केलंस, तिला तुझं रडणं दिसलं नाही. माझं दिसलं.

आता माझं ऐक. तू गेल्यापासून गल्लीत सगळे म्हणतात, काय मुलगा आहे, आईसाठी धावत आला. हमीदाखाला गोड शेवया घेऊन आली होती. मी शेवया घेतल्या आणि दार लावलं. तीन महिने मी तिचं सगळं केलं, आणि तू एक रात्र राहून संत्री देऊन गेलास तर तुझी वाहवा. मला वाईट वाटलं. लिहून ठेवते म्हणजे मनात सडणार नाही.

दुसरं असं की ती काही बोलायला लागली की तू उठून अंगणात जातोस. मी पाहिलं. तुला अजून ते शब्द सोसत नाहीत. तुझा विश्वास नसेल तर नसू दे, मी तुला नमाज पढ म्हणत नाही. पण तिच्याकडे दुसरं काहीच नाही रे. ते ऐकायचे नसतील तर तिच्याशी बोलणार कसा? येत्या शनिवारी येशील तेव्हा बसून राहा.

आपा


अकोला, ३ जून

इस्हाक,

चाळीसाव्याला येशील तेव्हा बोलता आलं असतं, पण लोक असतील. आणि तोंडानं हे मला सांगता येणार नाही.

मे महिन्याच्या मध्यावर दुसरा झटका आला ते तुला तारेनं कळवलं. ह्या वेळी तू त्याच दिवशी आलास. तारेत लिहिलं नव्हतं की त्या झटक्यानं उरलेले शब्दही गेले. सकाळी पाणी पाजलं, ती काही म्हणाली नाही. कूस बदलली, नुसता श्वास. इतके महिने ज्या शब्दांवर मी चिडले तेच मी दिवसभर तिच्या तोंडातून ओढून काढायला बघत होते. अम्मा, म्हण ना, अल्हम्दुलिल्लाह म्हण. लाहौल तरी म्हण. काही नाही. घरात कुणी माझ्याशी बोलणारं उरलं नव्हतं.

हाफिजजी म्हणाले, आता तिला म्हणता येत नाही तर घरच्यांनी तिच्याजवळ बसून कलमा म्हणावा, तिनं ऐकावा. जाणाऱ्या माणसाचा तो हक्क आहे. मी बसले. आणि इस्हाक, माझ्या तोंडून निघेना. लहानपणापासून पाठ, हजार वेळा म्हटलेलं. राग होता. तिच्यावर नव्हे, खुदावर होता. खुदा, तिनं जन्मभर तुझी आठवण ठेवली आणि तू तिला शेवटी तेवढीही ठेवू दिली नाहीस, असा. मी उठून चुलीपाशी गेले. तू मला विचारलंस काय झालं, मी म्हटलं, धूर गेला डोळ्यात.

शेवटच्या दिवशी दुपारी तिचं अंग तापलं होतं म्हणून मी बस-स्टँडकडे बर्फ आणायला गेले. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. बर्फ फडक्यात गुंडाळून घाईघाईनं परत आले, आणि दाराच्या वाळ्याच्या पडद्यापाशी थांबले, कारण आत तू बोलत होतास.

तू चमच्यानं तिच्या ओठांवर पाणी सोडत होतास. सोडण्याआधी म्हणालास, "बिस्मिल्ला, अम्मा." पाणी आत गेलं, घशाची हालचाल झाली, तर तू म्हणालास, "अल्हम्दुलिल्लाह." ओठ पुसलेस. तिच्या कपाळावरची माशी हाकललीस आणि म्हणालास, "लाहौल." मग तू चमचा ठेवलास, खाली वाकलास आणि म्हणालास, "तुले नाही बोलता येत ना, राहू दे. मी म्हणतो. तू ऐक." आणि तू कलमा म्हणायला लागलास. सावकाश, अडखळत, मधला एक शब्द चुकवत. अब्बा पाढे म्हणवून घेताना एक ओळ झाली की थांबायचे, तसा प्रत्येक वेळी थांबत.

फडक्यातून पाणी गळून माझी चप्पल भिजली. मी तशीच उभी होते. मला तुझा राग आला होता, खरंच सांगते. इतके महिने मी, आणि हे मात्र तुझ्या हातून व्हावं. आणि त्याच वेळी वाटत होतं, तू थांबू नयेस.

तिसऱ्या प्रहरी ती गेली.

परवा गाडीत बसताना तू मला विचारलंस, "आपा, तिनं ऐकलं असंल का? तोंडावर काहीच दिसत नव्हतं." गाडी सुटत होती, कंडक्टर ओरडत होता, मी तुझी पिशवी खिडकीतून आत दिली. तुझ्या मनात ते राहिलं असेल. तू अजून नमाज पढत नाहीस, पढशील असंही वाटत नाही, आणि तू ते शब्द खुदासाठी म्हटलेस की तिच्यासाठी, हे मी विचारणार नाही. पण तू जे विचारलंस त्याचं उत्तर माझ्याकडे आहे.

तू तिच्या तोंडाकडे बघत होतास. मी दारातून तिचा हात बघत होते. आयुष्यभर तिनं जप उजव्या हाताच्या पेरांवर मोजला, तो हात तर मेलेला होता. डावा तुझ्या पलीकडे, गोधडीवर पडला होता. तू एकदा म्हणून थांबलास की तिचा अंगठा करंगळीच्या एका पेरावरून दुसऱ्यावर सरकत होता. तू पुन्हा म्हणायचास, तो पुढच्या पेरावर जायचा. अगदी हळू. तू एकदा अडखळून मधेच थांबलास, तेव्हा अंगठाही तिथंच थांबला, आणि तू पुन्हा सुरू करेपर्यंत हलला नाही.

आपा